बीज आणि संकल्प

मार्गशीर्ष लागून माळव्यातील थंडी अंगाला झोंबू लागली, की इंदुरातील गच्च्यांवर रिकाम्या कुंड्या पुन्हा उन्हात ओढल्या जातात. घरच्या घरी चार औषधी व स्वयंपाकोपयोगी वनस्पती असाव्यात, ही इच्छा स्तुत्यच होय. परंतु या साध्या कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे व तोच आज वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. बीजाविषयी मनुष्याचे काही कर्तव्य असते काय?

हा प्रश्न आम्हांस सुचला तो आमच्याच प्रमादामुळे. गतवर्षी उत्साहाच्या भरात आम्ही एकाच दिवशी वीस कुंड्यांत धने, मेथी, शेपू, ओवा आणि तुळस असे सर्व काही पेरले. मेथी चौथ्या दिवशी वर आली. धन्यांना पंधरवडा लागला. तुळशीचे बी मात्र थंडीत निजूनच राहिले, कारण त्याला ऊब हवी असते. पुढे पौषात आम्ही आठ दिवस परगावी गेलो. परत येऊन पाहतो तो कोवळी रोपे सुकून माना टाकून पडलेली! आम्ही म्हणालो, "चार पैशांचे बी गेले, एवढेच." तीर्थरूप नुकतेच पूजा आटोपून उठत होते. ते शांतपणे म्हणाले, "अरे, पाणी तूच सोडलेस ना? मग तो संकल्प झाला."

ते शब्द मनातून जाईनात. पूजेच्या आरंभी आपण संकल्प उच्चारून हातावरून उदक सोडतो; ते सुटले की मागे घेता येत नाही. बीजाचेही तसेच आहे. डब्यातील कोरडे बी जिवंत असते, परंतु त्याला घाई नसते. ते महिनोन्महिने वाट पाहू शकते. ओल मिळून त्याचे मूळ बाहेर पडले, की मात्र परतीची वाट बंद होते. त्यानंतर त्याने जगावे तरी किंवा मरावे तरी.

यावर कोणी म्हणेल, की रानात असंख्य बिया पडतात व रुजून वाळतात, त्यांचा शोक कोण करतो? आक्षेप खरा आहे. परंतु रानाने कोणाला वचन दिलेले नसते. कुंडीतल्या बीजाला आपण हाताने ओल दिली व आकाशाच्या पावसापासून तोडले. म्हणून त्याचा पाऊस आपणच झालो. दुसरा आक्षेप विरळणीचा. दाट उगवलेली रोपे उपटल्यावाचून इतरांस जागा होत नाही. मग तेव्हा संकल्प मोडत नाही काय? आमच्या मते नाही. ती कोवळी मेथी व कोथिंबीर ताटात येते, वाया जात नाही. तथापि मुठीने बी फेकून मग उपटीत बसण्यापेक्षा प्रथमच विरळ पेरणे अधिक शहाणपणाचे.

तात्पर्य, संकल्प करण्यापूर्वी आपली शक्ती मोजावी. रोज सकाळी किती कुंड्यांकडे पाहणे होईल, ते आधी ठरवावे. येथील काळी माती पाणी धरून ठेवते व वाळली की भेगाळते. म्हणून तीत वाळू व जुने शेणखत मिसळावे. धने हलके रगडून दोन दले करावीत, रात्रभर भिजवावेत व अर्धा इंच खोल पेरावेत. ओव्यासारखे बारीक बी मातीने नुसते झाकावे. पाणी बेताचे द्यावे; अतिपाण्याने रोपे बुडाशी कुजतात, आणि अति प्रेमानेही संकल्प बुडतो. परगावी जावयाचे असल्यास शेजाऱ्यांस आधी विचारावे, कारण दुसऱ्यावर भार टाकणे हाही विचारपूर्वक करावयाचा व्यवहार आहे.

यंदा आमच्या गच्चीवर पाचच कुंड्या आहेत: दोन धन्यांच्या, दोन मेथीच्या व एक ओव्याची. तुळशीचे बी कागदाच्या पुडीत बांधून फडताळात ठेवले आहे. फाल्गुनात ऊन तापेल तेव्हा पाहू. तोवर त्याला आम्ही पाणी दाखविलेले नाही.