संशयाची नीति

संशय हा विचाराचा आरंभ आहे, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. मग जो गृहस्थ प्रत्येक घटनेमागें गुप्त कट पाहतो, त्यास विचारी कां म्हणूं नये? प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. कारण कट खरोखरच होत असतात. अमेरिकेंत टस्कीगी येथें १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यखात्यानें उपदंशाच्या कृष्णवर्णीय रोग्यांस, उपचार होत असल्याचें भासवून, उपचारावांचून ठेविलें; पेनिसिलिन उपलब्ध झालें तरीही तें त्यांस दिलें नाहीं. त्या काळीं कोणी तसें बोलून दाखविलें असतें, तर सुशिक्षितांनीं त्यास वेड्यांत काढलें असतें; आम्हींही काढलें असतें.

आतां ‘झायनच्या वडीलधाऱ्यांचीं इतिवृत्तें’ हें कुप्रसिद्ध लिखाण पाहा. जगावर राज्य करण्याचा ज्यूंचा कट उघड केल्याची बतावणी करीत तें १९०३ सालीं रशियांत छापलें गेलें. १९२१ सालीं लंडनच्या ‘टाइम्स’नें त्याचें बिंग फोडलें. मोरीस जोली या फ्रेंच वकिलानें १८६४ सालीं तिसऱ्या नेपोलियनवर जे उपहासात्मक संवाद लिहिले, त्यांतील उतारेच्या उतारे येथें उचललेले होते. आणि मूळ पुस्तकांत ज्यूंच्या कटाचा मागमूसही नव्हता.

येथवरची हकीकत सामान्य लबाडीची आहे. आम्हांस विचारांत पाडतें तें पुढचें. हिटलरनें आपल्या आत्मचरित्रांत असा युक्तिवाद केला कीं, हें लिखाण बनावट असल्याची ओरड एक वृत्तपत्र सारखी करतें, हाच तें खरें असल्याचा उत्तम पुरावा होय! अशा मनाशीं वाद कसा घालावा? टस्कीगीचा संशय कागदपत्रांनीं खरा ठरला, आणि तो खोटाही ठरूं शकला असता. या दुसऱ्या संशयानें खोटें ठरण्याची वाटच बुजवून टाकिली आहे.

असा मनुष्य मूर्ख असतो, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. बहुधा तो भयग्रस्त असतो. रोग, मंदी, पराभव यांस कोणी कर्ता नसावा, हेंच त्यास सोसत नाहीं. त्यापेक्षां वैरी बरा. आणि वैरी सांपडतो तो नेहमीं दुबळ्या परक्यांत. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांस ठार मारलें. तशा अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होत्या. आमच्याही हातीं एक आली होती. आम्हीं ती पुढें धाडली नाहीं. पण धाडणाऱ्या स्नेह्यास ‘पुरावा काय?’ असें विचारलेंही नाहीं. त्यास वाईट वाटेल, एवढेंच मनांत आलें.