उत्तेजन आणि तेजोवध

सीतामाईच्या शोधार्थ निघालेले वानरवीर दक्षिण समुद्राच्या तीरावर येऊन थांबले. समोर शंभर योजने सागर पसरला होता. प्रत्येकाने आपापले बळ सांगितले. कोणी दहा योजने, कोणी वीस. वृद्ध जांबवंत नव्वद योजनांवर थांबला. युवराज अंगदास पलीकडे जाणे शक्य होते, परंतु परतण्याविषयी शंका होती. हनुमंत मात्र एका बाजूस मौन धरून बसला होता. ऋषींच्या शापामुळे त्यास स्वतःच्या सामर्थ्याचे विस्मरण झाले होते. कोणी आठवण करून दिल्यावरच ते जागे होणार होते, असे उत्तरकांडात सांगितले आहे.

जांबवंताने त्यास बळ दिले नाही. ते पूर्वीपासूनच होते. समुद्र लहान आहे, असे खोटे आश्वासनही दिले नाही. त्याने केवळ हनुमंताचा जन्म, वायुदेवाचा वारसा आणि बालपणी सूर्याकडे घेतलेली झेप यांचे स्मरण करून दिले. 'उत्तेजन' या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातील 'तिज्' हा धातू आहे. त्याचा अर्थ धार लावणे. दगडावर घासून शस्त्रास धार येते; पोलाद मात्र शस्त्राचेच असावे लागते.

'तेज' हा शब्दही त्याच धातूपासून आला. महाभारतात त्याच तेजाचा वध शब्दांनी झालेला दिसतो. कर्णाचे सारथ्य करीत असता शल्याने रथ कुशलतेने हाकला, परंतु वाणीने कर्णाचा पदोपदी उपमर्द केला. विशेष म्हणजे, ही मागणी त्याच्याकडे प्रत्यक्ष धर्मराजाने केली होती. सज्जनांच्या हातूनही तेजोवध घडतो, तो असा.

घराघरांतही हेच घडते. मुलास अन्नवस्त्र, शिक्षण सर्व काही द्यावे आणि 'तुझ्याने काय होणार?' या एका वाक्याने त्याचे तेज हरण करावे! तेथे पालक शल्याचेच सारथ्य करीत असतात. केवळ स्तुती करणे हेही उत्तेजन नव्हे. स्तुती ऐकणारा सुखावतो. उत्तेजन मिळालेला उठून कार्यास लागतो.

दानाचेही तसेच आहे. विद्यार्थ्यास दिलेल्या साहाय्यात उपकाराची जाणीव मिसळली, तर हात भरतो आणि मन खचते. त्याच साहाय्यासोबत विश्वासाचा एक शब्द दिला, तर दान सार्थ होते.

स्वतःची झेप अपुरी पडते हे ओळखूनही जांबवंताच्या मनात मत्सर उपजला नाही. उड्डाण हनुमंताने केले. जांबवंत तीरावरच राहिला. मारुतिरायाच्या दर्शनाने भाविक सामर्थ्य मागतात. परतताना त्यांनी जांबवंताचेही स्मरण करावे. आपल्या घरी, आपल्या गावी कोणीतरी मौन धरून बसलेला असेल.

॥ शुभं भवतु ॥