मालकीचा पत्ता आणि सामायिक कथा

१

मराठीत 'खेळ' हा शब्द मैदानावरच्या चढाओढीलाही लावला जातो आणि नाटकाच्या प्रयोगालाही. स्पर्धा आणि सोंग या दोन वृत्ती एकाच शब्दाखाली नांदतात, याचे आपल्याला नवल वाटत नाही. क्रीडेचा तात्त्विक विचार करणाऱ्या पाश्चात्त्य अभ्यासकांना मात्र हे एकत्र नांदणे अडचणीचे वाटले आहे. रोजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्पर्धा, दैव, सोंग आणि घेरी असे खेळांचे चार वर्ग केले. खेळ एक तर नियमबद्ध असतो किंवा कल्पनाधिष्ठित असतो, एकाच वेळी दोन्ही नसतो, असेही त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या एका खेळाने हे प्रतिपादन संशयास्पद ठरवले आणि १९९३ मध्ये त्याच वर्तुळात जन्मलेल्या दुसऱ्या खेळाने त्यात मालकीचा पेच घातला. हे दोन खेळ, आणि ते दोन्ही खेळणारा एकच माणूस, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यातून उद्भवणारा प्रश्न नैतिक स्वरूपाचा आहे. जी गोष्ट चौघांनी मिळून कल्पिल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही, तिच्यात एकाने स्वतः विकत घेतलेली वस्तू आणून ठेवली, तर त्या वस्तूच्या मालकाचा उरलेल्या तिघांवर काही हक्क निर्माण होतो काय?

२

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली सिद्ध केला. टेबलावर लहान शिपाई मांडून लढाया खेळण्याच्या छंदात त्याची मुळे होती. त्यात केलेला बदल वरवर छोटा, परंतु मूलगामी होता. खेळाडूने सैन्याऐवजी एकच पात्र चालवायचे. एका भिडूने पंच आणि निवेदक या दोन्ही नात्यांनी भोवतालचे जग उभे करायचे. पात्र काय करते ते खेळाडूने तोंडाने सांगायचे आणि ते साधले की फसले, याचा कौल फाशांकडून घ्यायचा. कोणी जिंकत नाही, आणि शेवटही ठरलेला नाही. नियमांची पुस्तके जाडजूड असली तरी त्यांतून निष्पन्न होते ती कथाच. याला आपण भूमिकाखेळ म्हणू.

'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा. आपला एक पटावरचा खेळ घेऊन तो 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या भूमिकाखेळांच्या छोट्या प्रकाशनसंस्थेकडे गेला असता, संस्थेचे प्रमुख पीटर अ‍ॅडकिसन यांनी त्याच्याकडे निराळीच मागणी केली. संमेलनांत भूमिकाखेळाच्या दोन बैठकींमध्ये लोक रिकामे असतात, त्या वेळात खेळता येईल असा झटपट आणि सहज बरोबर नेण्याजोगा खेळ त्यांना हवा होता. म्हणजे हा खेळ भूमिकाखेळाच्या फटीत, त्याच्याच खेळाडूंसाठी घडवला गेला. प्रत्येक पत्त्यावर नाव, चित्र, नियम आणि पुष्कळदा एखाद्या कादंबरीतून उचलल्यासारखे वाक्य असते. पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात. आत काय निघेल हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. काही पत्ते मुबलक, काही दुर्मीळ. आपापल्या संग्रहातून प्रत्येकाने स्वतःचा कॅट बांधायचा आणि समोरच्याशी जादूगारांचे द्वंद्व खेळायचे.

पुढचा इतिहास हे दोन्ही वर्ग किती एकमेकांत मिसळलेले होते ते दाखवतो. पत्त्यांवर भरभराटलेल्या 'विझर्ड्स'ने १९९७ मध्ये 'डन्जन्स'ची मूळ प्रकाशक टीएसआर ही कंपनीच विकत घेतली. १९९९ मध्ये या दोहोंसह 'विझर्ड्स' हास्ब्रोच्या मालकीची झाली. २०१८ मध्ये पत्त्यांवरचे रॅव्हनिका हे नगर भूमिकाखेळाच्या पुस्तकात आले, तर २०२१ मध्ये 'फरगॉटन रेल्म्स' हे भूमिकाखेळातले जग पत्त्यांवर छापले गेले.

३

एकच माणूस शनिवारी एका टेबलाशी आणि रविवारी दुसऱ्या टेबलाशी बसतो, तेव्हा त्याच्या वृत्तीत कोणता पालट होतो? पहिला भेद काळाचा आहे. पत्तेवाल्याची सर्जकता बरीचशी एकांतात खर्च होते: कोणता पत्ता घ्यावा, कोणता वगळावा, कशाचा कशाशी मेळ बसेल, हे तो घरी ठरवून येतो. भूमिकाखेळाडूला घरून फारसे काही आणता येत नाही. त्याने रंगवून ठेवलेल्या पात्राला इतरांनी प्रतिसाद दिला नाही, तर ते कागदावरची टिपणेच राहते.

दुसरा भेद मालकीचा. पहाटे तीन वाजता चौघांनी मिळून गाठलेला एखादा प्रसंग कोणाचा, हे विचारणे निरर्थक आहे. तो विकता येत नाही, वाटून घेता येत नाही, आणि त्या चौघांशिवाय कोणाला धड सांगताही येत नाही. पत्ता मात्र निःसंशय एकाचा असतो. प्लास्टिकच्या वेष्टणात जपता येतो. त्याला बाजारभाव असतो.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे साधारणीकरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. भट्टनायकाने मांडलेल्या या संकल्पनेनुसार रसानुभवातील भाव 'माझा' किंवा 'परक्याचा' अशा बंधनातून सुटलेला असतो. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाण्याची गणना अशा विघ्नांत केली आहे. भूमिकाखेळाच्या टेबलाला नाट्यगृह म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तेथे प्रेक्षक नाही आणि रसिकही नटच आहे. तथापि कथा रंगायची तर 'माझे' सैल व्हावे लागते, ही अट तेथेही लागू पडते. पत्त्याच्या खेळात हे 'माझे' सैल होऊ शकत नाही. खरेदीच्या क्षणीच ते पक्के झालेले असते.

४

यावरून भूमिकाखेळ सात्त्विक आणि पत्त्यांचा खेळ बाजारू असा निवाडा करणे सोपे आहे, परंतु तो अन्यायाचा होईल. सामायिक कथेच्या टेबलाशी स्वतःचे असे जुलूम असतात. निवेदकाच्या हाती अमर्याद सत्ता असते. बोलघेवडा भिडू कथा बळकावतो. बुजऱ्याचे पात्र कोपऱ्यात उभे राहते. सगळे परस्परविश्वासावर चालत असल्यामुळे ज्याच्यावर विश्वास नाही, त्याने दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न सुटत नाही. उलट पत्त्यांच्या खेळात अनोळखी माणूस अनोळखी माणसासमोर बसू शकतो. नियम छापलेला असतो आणि तो दोघांनाही सारखाच बांधतो. वक्तृत्व नसलेल्याला, परक्या गावातून आलेल्याला हा नियम संरक्षण देतो. एका टेबलाशी सख्य आहे, दुसऱ्याशी न्याय आहे, असे म्हणता येईल. तो न्यायही अर्थात पैशाने वाकतो, कारण ज्याला दुर्मीळ पत्ते परवडतात त्याचा कॅट बहुधा बळकट असतो. म्हणूनच दोन्ही टेबलांशी बसणारा माणूस महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक टेबलाच्या उणिवेचे ज्ञान त्याला दुसऱ्या टेबलाशी मिळालेले असते.

५

मालकी आणि खेळ यांचा झगडा 'मॅजिक'मध्ये आरंभापासून आहे. १९९३ च्या मूळ नियमांत पणाची तरतूद होती: डावाआधी दोघांच्या कॅटांतून एकेक पत्ता बाजूला काढायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही कायमचे न्यायचे. गोट्यांच्या खेळात आपल्याकडची मुले हेच करीत आली आहेत. खेळात भौतिक लाभ गुंतलेला नसतो, हे योहान हॉयझिंगाचे म्हणणे खोडताना कायवाने जुगाराकडे बोट दाखवले होते. खेळात संपत्ती निर्माण होत नाही, पण हस्तांतरित होते, असे तो म्हणतो. हा पण लोकांना रुचला नाही. पणाशी संबंधित नवे पत्ते १९९५ नंतर निघाले नाहीत. पत्ता खेळात वापरायचा, पण खेळात गमवायचा नाही, असा संकेत रूढ झाला.

याच सुमारास जुने दुर्मीळ पत्ते पुन्हा छापल्यामुळे संग्राहक रुष्ट झाले, आणि १९९६ मध्ये कंपनीने विशिष्ट पत्ते पुन्हा न छापण्याचे वचन दिले. हे वचन संग्राहकाला दिलेले होते. ज्याला ते पत्ते खेळायला हवे होते, त्याच्या वाट्याला त्यातून महागाईच आली.

याउलट वाहणारा एक प्रवाहही आहे. अलास्कातील खेळाडूंच्या एका गटात उगम पावलेला, पुढे 'कमांडर' या नावाने लोकप्रिय झालेला प्रकार बहुधा चौघे मिळून खेळतात. शंभर पत्त्यांचा कॅट आणि त्याचा नायक असलेले एक पात्र, अशी त्याची रचना. डावाआधी चौघांनी बोलून घ्यायचे: किती बळाचे कॅट आणले आहेत, काय चालेल, काय नको. या बोलण्याला खेळाडू 'शून्यावा नियम' म्हणतात, आणि हा शब्द भूमिकाखेळातून आलेला आहे. तेथे तो छापील नियमापेक्षा टेबलाचा निर्णय श्रेष्ठ, या अर्थाने वापरतात. आपल्याकडे धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घेताना जी समजूत दाखवली जाते, तीच येथे प्रौढांनी शब्दांत मांडलेली आहे. समोरचा प्रतिस्पर्धी असला तरी आधी भिडू आहे, हे त्यात गृहीत धरले आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये या समजुतीची कसोटी लागली. 'कमांडर'चे नियम पाहणाऱ्या स्वयंसेवकांच्या स्वतंत्र समितीने चार पत्त्यांवर बंदी घातली. त्यांतील 'मॅना क्रिप्ट' आणि 'ज्युवेल्ड लोटस' हे बाजारात बरेच महाग होते. किमती कोसळल्या. समितीच्या सदस्यांना धमक्या आल्या, आणि आठवड्याच्या आतच त्या प्रकाराचे व्यवस्थापन कंपनीकडे सोपवण्यात आले.

याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये भूमिकाखेळाचा २००० सालापासूनचा खुला परवाना बदलू पाहिला, तेव्हाही मोठा निषेध झाला आणि पायाभूत नियम कोणालाही वापरता येतील अशा परवान्याखाली खुले करावे लागले. दोन्ही निषेधांत पैशाचा भाग होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परवान्यावर अनेक छोट्या प्रकाशकांची उपजीविका अवलंबून होती. परंतु पहिल्या निषेधाची मागणी 'आम्हाला घडवू द्या' अशी होती. दुसऱ्यातील धमक्यांचा अर्थ 'आम्ही घेतलेल्या वस्तूची किंमत टिकावी म्हणून तुम्ही असेच खेळत राहा' असा होतो.

६

ही दुसरी मागणी मान्य करता येत नाही. पत्ता मालकाचाच आहे. तो जपावा, विकावा, भिंतीवर लावावा. पण त्या पत्त्याचे बळ म्हणजे इतरांनी त्याला दिलेली मान्यता होय, आणि मान्यता पाकिटातून विकत मिळत नाही. ती दर डावाला नव्याने दिली जाते, आणि देणाऱ्याला ती नाकारण्याची मुभा नसेल तर तिला मान्यता म्हणता येणार नाही. मालकाला न्याय मागण्याचा अधिकार आहे: निर्णय पारदर्शक असावा, पूर्वसूचना असावी, दिलेले वचन पाळले जावे. हा अधिकार कंपनीविरुद्ध वा समितीविरुद्ध आहे. समोर बसलेल्या भिडूच्या खेळण्यावर त्याने ताबा मिळत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला यात एक ओळखीचा प्रश्न दिसेल. ग्रंथ विकत घेणाऱ्याची मालकी कागदावर असते, अर्थावर नसते. अर्थ वाचकसमूहाच्या सतत चालणाऱ्या व्यवहारातून टिकतो वा पालटतो. पहिल्या आवृत्तीच्या प्रतीला आलेली किंमत उतरू नये म्हणून समीक्षकांनी लेखकाचे मूल्यमापन बदलू नये, असे कोणी म्हणाले तर ते आपल्याला हास्यास्पद वाटेल. दोन्ही टेबलांशी बसणाऱ्या खेळाडूला हे ग्रंथांतून शिकावे लागत नाही. आपले पात्र आपल्या एकट्याचे नाही, हे तो भूमिकाखेळात अनुभवतो. पत्त्यांचा कॅट पिसताना ती जाणीव त्याच्यापाशी कितपत शिल्लक राहते, यावर 'कमांडर'सारख्या खेळाचे भवितव्य बरेचसे अवलंबून आहे. छापील नियम आणि बंदीची यादी यांना ते काम करता येणार नाही. डावाआधीच्या त्या दोन-चार मिनिटांच्या बोलण्यात ते होते किंवा राहून जाते.