निराकार शेपटीचं प्रारूप

मानवी पेशीतलं टीडीपी-४३ हे प्रथिन ४१४ अमिनो आम्लांचं. त्याचे मधले दोन भाग आरएनएला धरतात. त्यांची संगणकी प्रारूपं प्रयोगातल्या रचनेशी छान जुळतात. साखळीच्या शेपटीपाशी मात्र ही प्रारूपं रचणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीचं गाडं अडतं. तिथे उमटते बरीचशी मोकळी, नारिंगी रेघ. नारिंगी म्हणजे खात्री फारच कमी.

चित्र कच्चं, की वस्तूच निराकार?

बहुतांशी वस्तूच. ही शेपटी सतत आकार बदलत असते. तिचं ‘खरं’ रूप कोणतं, हा प्रश्नच जरा उर्मट वाटतो. पण एएलएस या चेतासंस्थेच्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत तीच शेपटी घट्ट होऊन ठरावीक घडी घेते. म्हणजे निराकार असणं हाही तिचा कायमचा स्वभाव नव्हे. भोवताल बदलला की तो सुटतो.

जैनांच्या स्याद्वादाला याचं नवल वाटलं नसतं: वस्तू एका अपेक्षेने आहे, दुसरीने नाही, तिसरीने अवक्तव्य. गंमत अशी, की शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ मध्ये मद्रासला सहकाऱ्यांसह प्रथिनसाखळीच्या शक्य-अशक्य कोनांचा नकाशा मांडला. आजही प्रारूपं त्यावर घासून पाहतात. तो नकाशा रूप सांगत नाही, फक्त काय संभवत नाही ते सांगतो. आणि हेच रामचंद्रन पुढे ‘स्याद्-न्याय’ नावाची गणिती तर्कपद्धती रचण्यात रमले.