ओझे कोणाच्या पाठीवर?

घोड्यावर बसून गाठोडे मात्र स्वतःच्या डोक्यावर धरणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. घोड्याला भार नको, ही त्याची दया. परंतु तो स्वतःच घोड्यावर असल्यामुळे गाठोड्याचा भारही अखेर घोड्यावरच. या गोष्टीला हसतच आपण लहानाचे मोठे झालो. अलीकडे मात्र आम्हांस त्या हसण्याचा फेरविचार करावा लागला, आणि त्यास निमित्त झाले सायकलीवरील सामानाचे.

आमचा एक भाचा डोंगरवाटांवर सायकल चालवितो. महूजवळच्या जानापावच्या टेकडीवर, जेथे चंबळेचा उगम आहे, तेथे तो व त्याचे मित्र सुटीच्या दिवशी पहाटेच निघून जातात. एका सायंकाळी आमच्या ओसरीवर त्यांचा वाद रंगला होता. पाणी, पंप, जादा ट्यूब, पाने, औषधे आणि खाऊ सायकलीवर बांधावा, की पाठीवरच्या सॅकमध्ये घ्यावा? आम्ही वडीलकीच्या अधिकाराने घोड्याची गोष्ट सांगून वाद मिटविला, असे आम्हांस वाटले. भाचा हसून म्हणाला, "मामा, तुमचा माणूस घोड्यावर बसला होता. आम्ही उतारावर बसत नाही."

या एका वाक्याने आमची गोष्ट अपुरी ठरविली. सपाट रस्त्यावर आणि चढावर तिचे गणित बिनचूक आहे. स्वार ७० किलोचा, सायकल १४ किलोची आणि सामान ४ किलोचे धरले, तर सामान कोठेही ठेवा, वर चढवायचे वजन ८८ किलोच. परंतु खडकाळ उतारावर स्वार पॅडलवर उभा राहतो. गुडघे व कोपरे वाकवून धक्के अंगावर घेतो आणि सायकलीला आपल्याखाली मोकळेपणी नाचू देतो. तेथे सायकल क्षणोक्षणी उचलावी व वळवावी लागते. तेच ४ किलो सायकलीवर बांधले, तर तिचे वजन सुमारे २९ टक्क्यांनी वाढते. स्वाराच्या अंगावर घेतले, तर त्याचे वजन सहा टक्केही वाढत नाही. म्हणून उतारावर सॅकवाला हलका भासतो.

अर्थात दुसऱ्या पक्षाकडेही सबळ कारणे आहेत. सॅकमुळे पाठ घामाने भिजते, खांदे आखडतात, बैठकीवरचा दाब वाढतो आणि तोल वर सरकतो. म्हणूनच दिवसचे दिवस चालणाऱ्या प्रवासात सामान सायकलीकडे जाते. कॅनडातील बॅन्फपासून अमेरिकेच्या मेक्सिको सीमेपर्यंतची 'टूर डिव्हाइड' ही चार हजार किलोमीटरांहून लांब शर्यत २००८ पासून होते. तिच्यातील बहुतेक स्वार हँडलला वळकटी, फ्रेमच्या त्रिकोणात पिशवी आणि सीटमागे एक लांबट थैली बांधून निघतात. उलट १९८९ साली टेक्सासमधील भर उन्हाच्या एका सायकल शर्यतीत मायकेल आयडसन या गृहस्थांनी सलाइनची पिशवी पायमोज्यात घालून पाठीशी अडकविली व तिची नळी तोंडाशी आणली. पाण्याच्या पाठपिशवीचा 'कॅमलबॅक' हा उद्योग त्यातूनच उभा राहिला. दोन्ही पक्ष अनुभवातून आलेले आहेत. कोणीही मूर्ख नाही.

मग निर्णय कशावर व्हावा? भाच्याचा नियम आम्हांस विचार करण्याजोगा वाटला. पंप, पाने अशा जड व टणक वस्तू तो सायकलीला बांधतो. पडल्यास त्या पाठीच्या कण्यात रुतू नयेत म्हणून. फोन, औषधे आणि थोडे पाणी मात्र तो अंगावरच बाळगतो. तो म्हणतो, "पडल्यावर सायकल दरीत कुठवर जाईल, सांगता येत नाही. जे आहे ते मग अंगावरचंच." म्हणजे प्रश्न केवळ वजनाचा नाही. वाहन हातचे गेले, तर ज्यावाचून आपले चालणार नाही, ते वाहनावर सोपवू नये, असा त्याचा अर्थ.

आपल्यासारख्या घराण्यांना हा नियम नवा नसावा. आमच्या घरी आजी सांगत असे, की मूळ पुरुष इकडे आले तेव्हा भांडीकुंडी, धान्य, अंथरुणे बैलगाडीत होती. देवांचे टाक मात्र पडशीत घालून त्यांनी खांद्यावरच ठेवले होते. आज आपण मराठी भाषेचे ओझे वाचनालय, गणेशोत्सव आणि हे त्रैमासिक यांच्या गाडीवर निश्चिंत मनाने ठेवले आहे. गाडी चांगली आहे, तिचे आम्ही ऋणी आहोत. परंतु घरात नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, हे गाडीवर ठेवता येत नाही. ते खांद्यावरचेच आहे.

याच विचारात आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती सुखाची नाही. पाठीवरचे ओझे माणसाला बोलत असते. म्हणून पाठीवर घेणारा प्रत्येक वस्तू दोनदा हातात तोलून पाहतो. वाहनावर ठेवलेले ओझे मुके असते, आणि मुके ओझे वाढत जाते. सायकल लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची. तिला फार तर वळताना जड जाईल. परंतु वाहन जेव्हा माणूसच असते, तेव्हा काय?

शासकीय सेवेत असताना आम्ही दौऱ्यावर जात असू. जीप थांबे तेथून पुढे पायवाट. नकाशे, रजिस्टरे, जेवणाचा डबा, थर्मास, सर्व शिपायाच्या खांद्यावर. आमच्या हातात फक्त छत्री. एकदा चढ लागण्यापूर्वी त्याने अदबीने विचारले, "साहब, यह मोटा रजिस्टर आज काम आएगा?" आम्ही म्हणालो, "रहने दो, शायद लगे." रजिस्टर त्या दिवशी उघडले गेले नाही. परतताना ओढ्याकाठी त्याने पेटी खाली ठेवून सदरा सैल केला, तेव्हा पट्ट्याचा लाल वळ आम्हांस दिसला. आम्ही काही बोललो नाही. पुढील दौऱ्यातही ते रजिस्टर पेटीत होतेच.

नियमाप्रमाणे आमचे काही चुकले नव्हते. सामान वाहणे हे त्याचे काम होते, त्याचे त्याला वेतनही मिळत होते. परंतु ते रजिस्टर आमच्या पाठीवर असते, तर ते जीपमध्येच राहिले असते, हेही तितकेच खरे. स्वतःच्या पाठीवर घेतली नसती अशी वस्तू दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणे, यास अन्याय म्हणण्यास आम्हांस तीस वर्षे लागली.

सर्व ओझी आपणच वाहावी, असा याचा अर्थ नव्हे. तो अहंकार झाला, आणि शरीरही ते मान्य करीत नाही. जे दुसऱ्यावर ठेवायचे, ते आधी एकदा आपल्या हाताने उचलून पाहावे, इतकेच.

घोड्यावरच्या त्या माणसाला आम्ही आता पूर्वीसारखे हसत नाही. गणितात तो चुकला, हे खरेच. परंतु आपल्या बुडाखाली एक घोडा आहे आणि त्यालाही ओझे लागते, हे त्याच्या ध्यानात होते. आम्ही छत्री धरून पुढे चालत होतो, तेव्हा ते आमच्या ध्यानात नव्हते.