हातातला गोटा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि पांढुर्णा नि सावरगाव एकमेकांवर गोटे भिरकावतात. ही गोटमार. आणि दोन्ही काठांवर बऱ्याचदा सोयरेच!

योहानाच्या शुभवर्तमानात, आठव्या अध्यायात, एका बाईला दगडांनी मारू पाहणारा जमाव आहे. येशू आधी बोलतच नाही. वाकून बोटानं मातीत लिहीत बसतो. मग सुचवतो, की ज्याच्या हातून कधी पाप घडलं नाही, त्यानंच सुरुवात करावी. निघून जाणाऱ्यांत वयानं मोठे पहिले असतात. मला हा तपशील फार आवडतो.

आपली घरातली गोटमार मात्र वर्षभर चालते. सौंसरकडे संत्र्याच्या बागेचा धुरा, कुठं बारा वर्षांपूर्वीच्या लग्नातलं मानपानाचं लुगडं. एकेक गोटा जपून ठेवलेला; सणाला बरोबर हाती लागतो.

आज जावेचा फोन आलाच, तर ते लुगडं जिभेवर येईल. तेव्हा क्षणभर खाली मातीकडे बघावं. मग विचारावं, "जाऊबाई, यंदा बहार कसा आहे हो?"