थोमाची शंका आणि आमची शंका

योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांतील थोमाची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. प्रभूच्या जखमा स्वतः पाहिल्यावांचून आपण विश्वास ठेवणार नाहीं, असा त्याचा हट्ट होता. ह्या शंकेबद्दल त्याला पुष्कळांनीं दोष दिला आहे. परंतु तिच्यांत एक गुण होता, तिकडे आमचें लक्ष फारसें जात नाहीं. त्याला जखमा पाहावयाच्या होत्या. आठ दिवसांनीं त्या त्याच्यापुढें आल्या, तेव्हां त्यानें डोळे झांकून घेतले नाहींत. हल्लीं जगांत शंकेचा दुसराच एक प्रकार बोकाळला आहे. त्यांत मनुष्य जखम पाहावी लागूं नये म्हणूनच शंका घेतो.

ह्याचें एक उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों. स्पेन देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत कातालोनिया नांवाचा प्रांत आहे. बार्सेलोना ही त्याची राजधानी. स्पेनपासून वेगळें व्हावें कीं काय, ह्याविषयीं तेथील प्रांतिक सरकारनें १ ऑक्टोबर २०१७ रोजीं लोकांचें मत घेतलें. देशाच्या घटना-न्यायालयानें तें मतदान पूर्वींच तहकूब केलें होतें. तें बंद पाडण्यास पोलीस आले, आणि कित्येक ठिकाणीं वाट अडवून राहिलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या. बार्सेलोनांत रबरी गोळी लागून एका मनुष्याचा डोळा गेला. प्रांताच्या आरोग्यखात्याच्या हिशेबाप्रमाणें १,०६६ लोकांस औषधोपचार करावा लागला. त्यांतील बहुतेकांच्या जखमा हलक्या होत्या. आपल्या ४३१ पोलिसांस इजा झाली, असें स्पेनच्या गृहखात्यानें सांगितलें.

त्या दिवसाचीं छायाचित्रें सर्व जगांत गेलीं, आणि लागलीच पुष्कळ लोक म्हणूं लागले कीं, हें सर्व सोंग आहे. त्याच महिन्यांत स्पेनचे तेव्हांचे परराष्ट्रमंत्री आल्फोन्सो दास्तिस बी.बी.सी.वर म्हणाले कीं, सर्व नव्हेत, पण कांहीं चित्रें खोटीं आहेत. हें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. २०१२ सालीं रक्तबंबाळ झालेल्या एका मुलाचें चित्र ह्याच दिवसाचें म्हणून फिरविण्यांत आलें होतें. ज्यानें तें फिरविलें त्याला कदाचित् वाटलें असेल कीं, आपण पीडितांचा पक्ष घेत आहों. परंतु त्यानें खऱ्या जखमी मनुष्याची साक्ष दुबळी केली. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायाचा आरंभच ह्या पापाच्या निषेधानें होतो.

तथापि येथून पुढें लोकांची बुद्धि कशी वाहवली तें पाहा. ‘कांहीं खोटीं’ ह्याचें ‘सर्व खोटीं’ झालें. बाजारांत एक खोटें नाणें मिळालें म्हणून कोणी शेतकरी सगळी थैली विहिरींत टाकीत नाहीं. तो एकेक नाणें वाजवून पाहतो. ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेनें असेंच केलें. तिनें जखमी लोकांस भेटून त्यांचें म्हणणें ऐकलें, चलच्चित्रें व वैद्यकीय दाखले ताडून पाहिले, आणि तपासलेल्या ठिकाणीं पोलिसांनीं वाजवीपेक्षां अधिक बळ वापरलें, असा निर्णय त्याच महिन्यांत दिला. थोमाची शंका ती हीच.

जखमेला कोणत्या गोष्टीची साक्ष देतां येते, हेंही समजून घेतलें पाहिजे. मार खाल्लेल्या मनुष्याचा पक्ष खरा आहे, असें ती सिद्ध करीत नाहीं. त्याला मार बसला, एवढेंच ती सांगते. कातालोनियानें वेगळें व्हावें कीं नाहीं, ह्याचा निवाडा त्या फुटलेल्या डोळ्यावरून होत नाहीं. पण पक्ष पटत नाहीं म्हणून फुटलेला डोळा शाबूत आहे, असें म्हणणें हा अन्याय आहे. पोलिसाच्या दुखावलेल्या हाताविषयींही आमचें माप हेंच असावें.

यरीहोच्या वाटेवर याजक व लेवी बाजूनें निघून गेले. त्यांनीं दया केली नाहीं. परंतु तें रक्त नव्हे, रंग आहे, असें तरी ते म्हणाले नाहींत. आज आम्ही घरीं बसून मोबाइलवर चित्र पाहतों आणि तेंही म्हणतों. असें केल्यानें त्या मनुष्यावर दुसऱ्यानें प्रहार होतो: पहिला लाठीचा, दुसरा आमच्या जिभेचा.

म्हणून, प्रियजनहो, असें चित्र हातीं आलें असतां तीन प्रश्न विचारा: हें केव्हांचें? कोठलें? प्रत्यक्ष पाहणारा कोण? आणि मग चवथा प्रश्न स्वतःस विचारा: हा जखमी आमच्या पक्षाचा असता, तर आम्हीं इतकाच पुरावा मागितला असता काय? गांवांत तंटा होऊन कोणी डोकें फुटलेला मनुष्य चावडीवर आला, तर तो कोणत्या आळीचा हें विचारण्याआधीं त्याची जखम पाहा व धुवा. चौकशी त्यानंतरही करितां येईल. ज्या प्रभूनें शंका घेणाऱ्यापुढें आपले हात पसरले, तो आम्हांस सत्य शोधणारे डोळे आणि दुसऱ्याच्या जखमेपासून न पळणारें अंतःकरण देवो.